सोशल सायन्सच्या पेपरात संदर्भ द्यायचे कसे? नागपूरकर रिसर्चवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

सिनॉप्सिस आणि डिझर्टेशन जमा करायचा मोसम आला की तेच ते प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, सोशल वर्क, काहीही करून राहिले असाल तरी चालेल. उदाहरणं मुद्दाम विदर्भातलीच घेतली, कारण परदेशी गाईडबुकात जीआर आणि जनगणनेबद्दल काही सापडत नाही.

एपीए वापरू, शिकागो वापरू की एमएलए?

या तिन्ही संदर्भ द्यायच्या ठरलेल्या स्टाईल. जर्नल किंवा विद्यापीठ सांगेल ती, विषय संपला. काहीच सांगितलं नसेल तर मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, सोशल वर्क, समाजशास्त्र यांत एपीए (मजकुरातच कंसात लेखक आणि वर्ष) चालून जाते, सध्या तिची २०१९ ची सातवी आवृत्ती चालू आहे. इतिहासवाल्यांना शिकागोच्या तळटीपा बऱ्या पडतात, कारण अर्काईव्हमधल्या फायलींचे संदर्भ कंसात मावत नाहीत. एमएलए साहित्यवाल्यांची, तिच्या नादी लागू नका. स्टाईल कोणती यावर आठवडा घालवणारे लोक पाहिलेत, आणि शेवटी पहिल्या चॅप्टरमध्ये एपीए, तिसऱ्यात तळटीपा, असं खिचडी प्रकरण जमा करतात. एक धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

प्रत्येक वाक्याला संदर्भ द्यायचा का?

नाही ना. महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला, विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून झालेला नागपूर करार २८ सप्टेंबर १९५३ चा, हे सगळ्यांना माहीत असलेलं आहे, कोणी भांडणार नाही. पण "करारातली आश्वासनं पाळली गेली नाहीत" असं लिहिलं की लगेच प्रश्न येतो, कोणतं आश्वासन, कोण म्हणतं, कशावरून. तिथं संदर्भ पाहिजेच. ज्या वाक्यावर समोरचा "काहून?" विचारू शकतो तिथं द्या.

अजून एक सवय सोडा, अख्खा पॅरा लिहून शेवटी एकच कंस टाकायचा. त्यातलं कोणतं वाक्य लेखकाचं आणि कोणतं तुमचं हे वाचणाऱ्याला कळत नाही. पॅऱ्याच्या सुरुवातीलाच "अमुक यांचं म्हणणं असं" म्हणून नाव घ्या आणि तुमचं मत सुरू झालं की तेही दिसू द्या.

दांडेकर समितीचा आकडा मी एका लेखात वाचला. संदर्भ समितीचा देऊ की लेखाचा?

जे हातात घेऊन वाचलं त्याचा. सगळ्यात जास्त गडबड इथंच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रादेशिक असमतोलावरची ही सत्यशोधन समिती १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली नेमली आणि १९८४ ला अहवाल आला. विदर्भाच्या अनुशेषावरचा (म्हणजे विकासात मागं राहिलेल्या तुटीवरचा) कोणताही पेपर उघडा, तिचं नाव असतंच. पण त्यातल्या कितीतरी लोकांनी अहवाल पाहिलेलाच नसतो, एकाने दुसऱ्याच्या पेपरातून उचललं, दुसऱ्याने वर्तमानपत्रातून, आणि प्रत्येकाच्या संदर्भसूचीत मात्र थाटात "१९८४ चा अहवाल". मधे कोणी एक शून्य गाळलं की ते गाळलेलं शून्य पुढच्या सगळ्या पेपरांत जातं.

दुसरी भानगड अशी की अनुशेष एकदाच मोजलेला नाही. दांडेकरांनी मोजला, पुढं १९९० च्या दशकात निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा मोजला आणि आकडा कितीतरी मोठा निघाला, मग विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात या प्रश्नाकडे वेगळ्याच पद्धतीने पाहिलं. म्हणून "विदर्भाचा अनुशेष इतके कोटी" एवढंच लिहून भागत नाही, कोणत्या समितीचा, कोणत्या वर्षाच्या किमतींवर, कोणत्या क्षेत्रांचा, हे सांगावं लागतं. मूळ अहवाल उघडला तरच हे कळतं.

अहवाल खरंच मिळाला नाही तर प्रामाणिकपणे लिहा: (महाराष्ट्र शासन, १९८४, उद्धृत अमुक, २०१५). सूचीत फक्त अमुकचा लेख टाकायचा, अहवाल टाकायचा नाही, कारण तुम्ही वाचलाय अमुक. पण हे असं एखाद दोन ठिकाणीच शोभतं. विषयच अनुशेष असेल आणि सगळं "उद्धृत" असेल तर व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, वाट लागेल.

आणि हो, अशा अहवालाचा लेखक महाराष्ट्र शासन, दांडेकर नाही. वाक्यात "दांडेकर समिती" म्हणा, सूचीत शासनाच्या नावाखाली शोधता आलं पाहिजे.

बाबासाहेबांच्या लेखनाला वर्ष कोणतं द्यायचं? मी (आंबेडकर, १९७९) असं लिहिलं तर सर हसले.

हसणारच ना, महापरिनिर्वाण १९५६ चं आणि लेखन १९७९ चं. तुमच्या हातात आहे तो महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी लेखन आणि भाषणं मालेचा पहिला खंड, तो १९७९ ला निघाला. संपादक वसंत मून, आपल्या नागपूरचेच. पण त्या खंडातले लेख वेगवेगळ्या काळातले आहेत.

'कास्ट्स इन इंडिया' घ्या. कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ ला वाचला, 'इंडियन अँटिक्वेरी'त मे १९१७ ला छापून आला, आणि तुम्ही वाचला १९७९ च्या खंडात. एपीएत यासाठी सोय आहे, दोन्ही वर्षं तिरपी रेघ मारून द्यायची: (आंबेडकर, १९१७/१९७९). वाचणाऱ्याला विचार कधीचा तेही कळतं आणि पान कुठं शोधायचं तेही.

'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'ला तर जास्तच जपा. पहिली आवृत्ती १९३६ ची. गांधींनी 'हरिजन'मध्ये टीका केली आणि त्याला बाबासाहेबांनी जे उत्तर दिलं ते १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आलं, पहिलीत ते असणं शक्यच नाही. म्हणजे त्या उत्तरातलं वाक्य घेऊन समोर १९३६ टाकलं तर जाणकार परीक्षक तिथंच पेन थांबवेल. दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून घेतलेलं मराठी भाषांतर वापरत असाल तर अनुवादकाचं नाव, प्रकाशन, आवृत्ती सगळं द्या, कारण एकाच पुस्तकाची अनेक भाषांतरं बाजारात आहेत आणि शब्द सारखे नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी वाक्यं? खंड आणि पान सापडलं तर घ्या. नाही सापडलं तर वाक्य कितीही भारी असू द्या, काढून टाका.

नागपूरची लोकसंख्या लिहायला पण संदर्भ लागतो?

लागतो, आणि नुसतं "जनगणना २०११" पण पुरत नाही. २०११ ला महानगरपालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे २४ लाख ५ हजार, आणि आजूबाजूचा भाग धरून नागरी समूहाची जवळपास २४ लाख ९८ हजार. जिल्ह्याची घेतली तर ४६ लाखांवर. तिन्ही बरोबर, तिन्ही जनगणनेचेच. आता तुम्ही पाण्याच्या टंचाईवर लिहून राहिले आणि मनपाचा पाणीपुरवठा नागरी समूहाच्या लोकसंख्येने भागला तर दरडोई आकडाच चुकला. म्हणून तक्त्याचं नाव आणि कोणत्या हद्दीचा आकडा हे दोन्ही लिहा.

नॅशनल फॅमिली हेल्थ सर्व्हेचंही तसंच. पाचवी फेरी २०१९ ते २१ ची आहे, तिला "२०२१ चा सर्व्हे" म्हणू नका, महाराष्ट्राचा आकडा घेतला की जिल्ह्याच्या फॅक्टशीटमधला घेतला ते सांगा. आणि "स्रोत: गूगल" लिहिणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे बाप्पा, गूगल शोधून देतं, ते मोजायला कुठं जात नाही.

इंग्रजी लेखाचं मराठीत भाषांतर करून लिहिलं तर ते माझंच ना? सॉफ्टवेअर तर पकडत नाही.

नाही, तुमचं नाही. कल्पना, मांडणी, उदाहरणांचा क्रम सगळं दुसऱ्याचं आणि तुम्ही फक्त भाषा बदलली, तर संदर्भ न देता ती सरळ सरळ चोरीच आहे. मराठी थिसिसमध्ये हा प्रकार मुबलक चालतो हे सगळ्यांना माहीत आहे, उघड कोणी बोलत नाही. सॉफ्टवेअर आज नाही पकडलं तरी ज्याने मूळ लेख वाचलाय त्याला दुसऱ्याच पॅऱ्यात वास येतो. मधेच एखादं वाक्य "हे नमूद करणे महत्त्वाचे आहे की" असं इंग्रजी चालीवर चालायला लागलं की समजून जायचं.

घ्यायचंच असेल तर रीत सोपी आहे. तुम्ही स्वतः भाषांतर केलंत तर एपीए त्याला शब्दशः उद्धरण धरत नाही, स्वतःच्या शब्दांत मांडलेलं धरते, म्हणून अवतरणचिन्हं नकोत पण लेखक आणि वर्ष हवंच. पान नंबर सक्तीचा नाही, तरी द्या, परीक्षक दुवा देईल. छापील भाषांतरातून जसंच्या तसं उचललं तर मात्र अवतरणचिन्हं, अनुवादक आणि पान सगळं आलं.

आमच्याकडं दहा टक्के चालतं म्हणतात. म्हणजे दहा टक्के कॉपी करता येतं?

हा गैरसमज कुठून आला ते सांगतो. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे प्लॅजरिझमबद्दलचे, म्हणजे लेखनचोरीबद्दलचे, नियम आहेत, त्यात दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य किती याचे स्तर पाडलेत. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, १० च्या वर ४० पर्यंत असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, दुरुस्त करून पुन्हा द्यायचं, ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर वर्षभर सुधारित प्रत जमा करता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, संदर्भ देऊन घेतलेली उद्धरणं हे सगळं मोजणीतून वगळतात, तसंच सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेसुद्धा.

दहा टक्के ही अपघाताने जुळणाऱ्या शब्दांसाठी दिलेली ढील आहे, कोटा नाही. एक पानभर निष्कर्ष दुसऱ्याचा उचलला तर सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये दोन टक्केच दिसेल पण चोरी ती चोरीच. उलट एखाद्याचा रिपोर्ट १८ टक्के येतो आणि उघडून पाहिलं तर कायद्यांची नावं, समित्यांची लांबलचक नावं, अवतरणं, असंच सगळं. म्हणून नुसता आकडा पाहू नका, रंगवलेली पानं उघडून पाहा. सायबर कॅफेतून "टक्के कमी करून देतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, तो समानार्थी शब्द घालून ठेवतो आणि मग "ग्रामपंचायत"चं "खेडे पंचमंडळ" झालेलं व्हायवाच्या दिवशी दिसतं.

मुलाखतींचा संदर्भ कसा द्यायचा? नावं द्यायची का?

फिल्डवर्कमधल्या लोकांची नावं द्यायची नाहीत, त्यांनी स्वतःहून आणि समजून परवानगी दिली असेल तरच. एपीएत "व्यक्तिगत संवाद" म्हणून एक प्रकार आहे, पण तो तुम्ही एखाद्या अधिकाऱ्याला मेल केला आणि त्याने उत्तर दिलं अशांसाठी. ज्यांच्यावर तुमचा अभ्यासच उभा आहे त्यांचं बोलणं तुमचा डेटा असतो, ते संदर्भसूचीत जात नाही. मजकुरात "मुलाखत ७, विणकर, पुरुष, पन्नाशीतला" असं लिहा, मुलाखतींचा तक्ता परिशिष्टात जोडा.

नाव काढलं म्हणजे झालं असं पण नाही. पाचपावलीच्या एखाद्या विणकर सोसायटीवर लिहिताना "सोसायटीचे माजी सचिव, दोन मुली, एक मुलगा बँकेत" एवढं टाकलं तर अख्ख्या गल्लीला कळतं कोण ते. त्याने सोसायटीतल्या पैशाबद्दल काही बोललं असेल तर तुम्ही डिग्री घेऊन निघून जाल, त्याला तिथंच राहायचं आहे. तपशील गाळा, नाही तर बदला आणि बदललेत हे पद्धतीच्या प्रकरणात लिहून द्या.

वर्तमानपत्राच्या बातमीचा संदर्भ?

तारीख, पेपर, मथळा, पान, आणि आवृत्ती. आवृत्ती सगळे विसरतात. एकाच पेपरच्या नागपूर, अकोला, मुंबई आवृत्त्यांत तीच बातमी वेगळ्या पानावर, वेगळ्या मथळ्याने असते किंवा नसतेच, म्हणून "नागपूर आवृत्ती" लिहा, पुरवणीत आली असेल तर पुरवणीचं नाव. 'हितवाद' १९११ पासून निघतो, त्याच्या जुन्या अंकांत काम करत असाल तर फाईल कुठल्या ग्रंथालयात पाहिली तेही टिपून ठेवा. कोणीतरी दिलेलं कात्रण, ज्यावर तारीखच नाही, ते फक्त शोध सुरू करायला चांगलं.

जीआर, कायदे, कोर्टाचे निकाल?

जीआरला विभागाचं नाव, विषय, शासन निर्णय क्रमांक आणि दिनांक, अलीकडच्या जीआरला शेवटी संकेतांक छापलेला असतो तोही द्या, वेबसाईटवर शोधायला तोच कामी येतो. "शासनाने एका जीआरद्वारे" असं मोघम नको. कायद्याला नाव, वर्ष, कलम. विदर्भाच्या वैधानिक मंडळाबद्दल लिहिता तर नुसतं "संविधानानुसार" नाही, अनुच्छेद ३७१ चा खंड २. निकालाला पक्षकार, वर्ष आणि रिपोर्टरचा (निकाल छापणाऱ्या लॉ रिपोर्टचा) आकडा, आणि हायकोर्टाचा असेल तर नागपूर खंडपीठ असा उल्लेख.

रसेल-हिरालालचं पुस्तक नेटवरून डाऊनलोड केलं. पान नंबर पीडीएफचा देऊ का?

छापील पानाचा द्या. मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचं हे १९१६ चं पुस्तक चार खंडांत आहे, म्हणून खंड तर पाहिजेच, गोंड तिसऱ्यात, महार चौथ्यात. पीडीएफच्या सुरुवातीला कव्हर, लायब्ररीचे शिक्के, रोमन आकड्यांची पानं असतात, त्यामुळे स्क्रीनवरचा आकडा आणि कागदावरचा आकडा जुळत नाही. आणि नुसतं "रसेल" लिहू नका, मुखपृष्ठावर हिरालाल "साहाय्यक" म्हणून का होईना पण आहेत, त्या काळात देशी माणसाचं नाव तिथं खालीच जायचं, आपण तर ते गाळायला नको.

अजून एक, जातीचं वर्णन तिथून जसंच्या तसं उचलून आजचं सत्य म्हणून लिहू नका. "१९१६ मध्ये वसाहती अधिकाऱ्याने असं नोंदवलं" हे वाक्यात आलं पाहिजे.

तळटीपेत 'तत्रैव' वापरू का?

'तत्रैव' म्हणजे 'वरच्याच पुस्तकात', ते वापरू नका असं मी म्हणेन. एपीएत ते नसतंच आणि शिकागोवालेही हल्ली लेखकाचं नाव व छोटं शीर्षक द्या म्हणतात. कारण साधं आहे, तुम्ही रात्री मधे एक नवीन तळटीप घालता आणि खालचं 'तत्रैव' गपचूप दुसऱ्याच पुस्तकाकडे बोट दाखवायला लागतं.

झोटेरो मराठीत चालतं का?

चालतं. संदर्भ साठवून त्यांची सूची बनवून देणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पहिल्या दिवसापासून वापरा. दोन गोष्टी हाताने कराव्या लागतात. "महाराष्ट्र शासन"सारखं नाव एकाच खान्यात टाकायचं, नाही तर सॉफ्टवेअर "शासन, महाराष्ट्र" करून मोकळं होतं. आणि मराठी संदर्भात मधेच इंग्रजी "एट अल." येतं, ते शेवटी "व इतर" करून घ्या. एपीएत तीन किंवा जास्त लेखक असले की पहिल्याच उल्लेखापासून पहिलं नाव आणि व इतर.

मराठी थिसिसमध्ये मराठी आणि इंग्रजी संदर्भांच्या याद्या वेगळ्या ठेवायची पद्धत आहे, मराठी यादी वर्णक्रमाने. इंग्रजी पेपरात मराठी पुस्तक द्यायचं तर नाव रोमन लिपीत आणि पुढं चौकटी कंसात अर्थ.

चॅटजीपीटीने दिलेले संदर्भ टाकू का?

उघडून, वाचून, खरे निघाले तर टाका. ते असे संदर्भ बनवतं की लेखक खरा, जर्नल खरं, वर्षही शोभणारं, फक्त असा लेख कधी लिहिलाच गेलेला नसतो. डीओआय (लेखाचा ऑनलाईन ओळख क्रमांक) टाकून पाहा, जर्नलच्या अंकाची अनुक्रमणिका पाहा, शोधगंगेवर, म्हणजे भारतीय थिसिसच्या ऑनलाईन साठ्यात, थिसिस आहे का पाहा. एवढं करायचा कंटाळा असेल तर तो संदर्भ नकोच. मजकूर किंवा विश्लेषणासाठी टूल वापरलं असेल तर कोणतं, कशासाठी, हे पद्धतीच्या भागात सांगून टाका, जर्नलचा नियम आधी वाचून.

गाईड म्हणतात माझे पेपर पण साईट कर. काय करू?

नाजूक प्रश्न आहे आणि सगळेच गुपचूप विचारतात. आधी ते पेपर खरंच वाचा. कधी कधी विषयाला धरून असतात, मग द्यायला काहीच हरकत नाही, नाव गाईडचं आहे म्हणून टाळायचं पण नाही. विषयाशी घेणंदेणं नसेल तर वाद घालत बसू नका, साहित्याच्या आढाव्यात एका वाक्यात, ते पेपर खरोखर जे सांगतात तेवढ्यापुरताच उल्लेख बसतो का पाहा. तेवढाही बसत नसेल तर "सर, हा पेपर कोणत्या मुद्द्याला लावू?" असं मेलवर विचारा. तोंडी नाही, मेलवरच. बहुतेक वेळा उत्तर येत नाही आणि विषय तिथंच मिटतो.